आधी रक्त की आधी सुई?

साशंक : तुमचं म्हणणं मान्य करायला माझी काहीच हरकत नाही, मॅडम. फक्त ते माझ्या दवाखान्यात चालत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात माझ्याकडे येणारा पेशंट म्हणजे यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा कामगार, नाहीतर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई. अंगात ताप असतो आणि खाडा परवडत नसतो. तेलुगू बोलो, कन्नड बोलो की मराठी, मागणी एकच : डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय. आणि तुम्ही मला सांगता की आधी तीन ठिकाणी टोचून रक्त काढा, लॅबला पाठवा, जंतू उगवायची वाट बघा, मग त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते बघा. यात तीन-चार दिवस सहज जातात. तोवर पेशंटनं पलीकडच्या गल्लीतला डॉक्टर गाठलेला असतो, तिथं सुई मिळालेली असते, ताप उतरलेला असतो. हृदयाच्या झडपेला जंतू धरतात हे मीही शिकलोय, परीक्षेत लिहूनही आलोय. पण तापाच्या शेकडो पेशंटांत अशी केस एखादी. त्या एकासाठी बाकीच्या सगळ्यांना ताटकळत ठेवायचं?

आग्रही : सर, त्या एखाद्याचाही ताप तुमच्या सुईनं उतरतो, खरी अडचण तिथंच आहे. उतरला नसता तर तो दुसऱ्या दिवशी सिव्हिलला आला असता आणि आम्हाला सापडला असता. काय होतं बघा. लहानपणी सांधेतापानं झडप खराब झालेली असते. तिथून रक्त सरळ न वाहता घुसळत जातं, झडपेचा पृष्ठभाग खरवडतो, त्यावर प्लेटलेट आणि फायब्रिन चिकटतं. मग हिरडीतून रक्तात उतरलेला एखादा साधा स्ट्रेप्टोकोकस तिथं घर करतो. त्याचा गोळा वाढत जातो, आपण त्याला व्हेजिटेशन म्हणतो. एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू, तेही आत दडलेले, सुस्तावलेले. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीत, पांढऱ्या पेशी आत पोचत नाहीत. म्हणून तर शिरेतून मोठ्या डोसनं चार ते सहा आठवडे औषध द्यावं लागतं. तुम्ही पाच दिवस सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन दिलंत की रक्तात फिरणारे जंतू मरतात, गोळ्याच्या वरच्या थरातले मरतात, ताप जातो. माणूस मागावर उभा राहतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा कणकण. मग टायफॉइडची विडाल तपासणी होते, ती पॉझिटिव्ह येते, ‘टायफॉइडचे जंतू वाढलेत’ असं त्याला सांगितलं जातं आणि पुन्हा पाच सुया. तिसऱ्या खेपेला तो आमच्याकडे येतो तेव्हा वजन उतरलेलं, रक्त कमी झालेलं, पायाला सूज. आम्ही रक्त काढतो आणि त्यात काहीही उगवत नाही. जंतूवर कुठलं औषध चालतं हे विचारायला आधी जंतू हातात लागावा लागतो, सर. तुमच्या सुयांनी तो मरत नाही, फक्त दिसेनासा होतो.

साशंक : विडालचं म्हणाल तर ती अख्ख्या शहरात होते, एकट्या माझ्याकडे नाही. एकदाच केलेली विडाल आपल्याकडे फार काही सांगत नाही हे ठाऊक असूनही होते, कारण ती स्वस्त आहे, संध्याकाळी रिपोर्ट मिळतो आणि पेशंटला आजाराचं नाव मिळतं. नाव मिळालं की माणूस शांत होतो. तुमची कल्चर महाग, उशिरा येणारी, आणि निम्म्या वेळा ‘नो ग्रोथ’. चार दिवसांनी मी त्याला काय सांगू? पैसे गेले आणि काही सापडलं नाही? शिवाय पावसाळ्यानंतर दवाखान्यात डेंग्यू, मलेरिया, चिकनगुन्या, साधे व्हायरल यांची रांग असते. त्यात तुमचा झडपेचा ताप कपाळावर चिठ्ठी लावून येत नाही.

आग्रही : सगळ्या तापांची कल्चर करा असं मी म्हणतच नाही. काही जण चिठ्ठी लावूनच येतात, आपण वाचत नाही. झडप बदललेला पेशंट. हृदयाला जन्मतः भोक असलेलं मूल. सांधेतापामुळे दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घेणारी मुलगी. आठवड्याहून जास्त ताप आणि छातीला नळी लावल्यावर मर्मर. तिशीतल्या माणसाला तापाबरोबर अचानक लकवा. एवढ्यांपुरतं बोलू. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी 1981 ते 1991 या काळातले आपले रुग्ण 1992 मध्ये मांडले. सरासरी वय पंचविशीच्या आसपास, सर्वांत मोठा गट सांधेतापानं झडप खराब झालेल्यांचा. कल्चरमध्ये जंतू उगवला निम्म्याहून कमी वेळा, आणि चारातला जवळजवळ एक दगावला. युरोपात हा आजार आता साठी ओलांडलेल्यांचा झालाय. आपल्याकडे तो कमावत्या वयातल्यांना गाठत आलाय.

मला यातली उलटापालट फार बोचते. गुस्टाफ माहलर नावाचा मोठा संगीतकार न्यूयॉर्कमध्ये याच आजारानं पडला. फेब्रुवारी 1911 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या रक्ताची कल्चर केली, स्ट्रेप्टोकोकस उगवला, निदान पक्कं झालं. औषध मात्र नव्हतं. मे महिन्यात तो व्हिएन्नात वारला. त्याच्याजवळ जंतूचं नाव होतं, औषध नव्हतं. आपल्या पेशंटजवळ गल्लीगल्लीत औषध आहे, नाव नाही. एकशे दहा-पंधरा वर्षांत आपण नेमकं काय कमावलं?

साशंक : औषध कमावलं, हे काय थोडं झालं? पेनिसिलीन येण्याआधी हा आजार झालेला माणूस सहसा वाचतच नसे. 1944 साली ब्रुकलिनच्या लिओ लोव्ह यांनी सात रुग्ण बरे केल्याचं छापलं, तेव्हा डॉक्टर मंडळींचा विश्वास बसेना. मग मी सरळ विचारतो : इतकी औषधं हाताशी असताना नावावाचून अडतं कुठं? व्हँकोमायसिन लावा, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन लावा, जोडीला जेंटामायसिन. झडपेवर बसणारे बहुतेक जंतू यात आले. मोठ्या हॉस्पिटलांत पहिल्या दिवशी तुम्ही तरी दुसरं काय करता? मग तेच सहा आठवडे चालू ठेवा.

आग्रही : पहिल्या दिवशी करतो, कारण पेशंट अत्यवस्थ असेल तर थांबता येत नाही. पण रक्त काढून मग करतो; त्याला फार तर तास-दीड तास लागतो. आणि ‘भारी औषध’ हा जो समज आहे ना, तो पेशंटचा आहे तसा आपलाही आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियसचं उदाहरण घ्या. तो साध्या क्लॉक्सासिलिन किंवा सिफॅझोलिनला दाद देणारा निघाला, तर त्याच्यावर व्हँकोमायसिन हे ‘भारी’ औषध त्या साध्या औषधांपेक्षा कमी पडतं. हळू मारतं, पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त. म्हणजे नाव न कळल्यामुळे तुम्ही पेशंटला महाग आणि वर कमजोर औषध देता. तोच स्टॅफ जर एमआरएसए, म्हणजे या साध्या औषधांना न जुमानणारा, निघाला, तर सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन कितीही द्या, पाणी दिल्यासारखं. जेंटामायसिन सहा आठवडे व्हँकोमायसिनबरोबर चालवलंत तर झडप वाचेल, पण किडनी जाईल, कान जातील. आणि तोंडातला हिरवट स्ट्रेप्टोकोकस निघाला तर यातलं बरंचसं लागतच नाही, साध्या पेनिसिलीनवर किंवा एकट्या सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनवर चार आठवड्यांत भागतं. एकाच आजाराच्या नावाखाली चार वेगळे आजार आहेत, सर. सगळ्यांना एकच सलाईन लावणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

साशंक : ठीक. मग आता तुमच्या रिपोर्टकडे वळू. त्यावर लोकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा तो खरा आहे का? मी बघितलेत असे पेशंट. रिपोर्टवर औषधापुढे ‘एस’ लिहिलेलं, म्हणजे चालतं. तेच औषध पूर्ण डोसनं चालू. आणि पेशंट अठराव्या दिवशी गेला. नातेवाईक रिपोर्ट हातात धरून विचारतात, औषध चालतं म्हणून लिहिलंय ना? तुम्ही लॅबमध्ये ठरावीक संख्येचे, जोमानं वाढणारे जंतू घेता. मिलिलिटरमागे पाच लाखांच्या आसपास, बरोबर? झडपेवर त्याच्या हजारोपट, तेही सुस्त. पेशंटची झडप कृत्रिम असेल तर जंतूंनी त्यावर चिकट थर केलेला. तुमच्या बशीत हे काहीच नसतं. आणि उलटही होतं. एन्टरोकोकस घ्या. त्याच्यावर सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन चालतच नाही, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. तरी अ‍ॅम्पिसिलिनच्या जोडीला तेच सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन देऊन तुम्ही लोक त्याच जंतूचा झडपेचा आजार बरा करता. म्हणजे ‘चालत नाही’ म्हटलेलं चालतं आणि ‘चालतं’ म्हटलेलं हरतं. मग या चार दिवसांच्या कागदाची किंमत काय?

आग्रही : हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. पण आधी तो कागद तयार कसा होतो ते बघा, मग त्याची किंमत करू. कातडी स्पिरिटनं आणि क्लोरहेक्सिडिननं पुसून वाळू द्यायची. वाळेपर्यंत कुणी थांबत नाही, तिथंच पहिली चूक. शीर पुन्हा बोटानं चाचपायची नाही. बाटलीचं रबरी बूचही पुसायचं. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त एका बाटलीत, दोन मिलिलिटर नव्हे. रक्तात जंतू मोजकेच असतात, कमी रक्तात ते येतीलच असं नाही. हे तीन वेगवेगळ्या टोचण्यांनी. का, तर कातडीवरचा निरुपद्रवी स्टॅफ एका बाटलीत उगवला तर तो बहुधा बाहेरून आलेला. तोच तिन्ही बाटल्यांत उगवला आणि पेशंटची झडप बदललेली असेल तर तोच गुन्हेगार. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टेबलावरही ठेवता येत नाही, खोलीच चाळीसच्या वर असते. लगेच पाठवायची. मशीन सांगतं की वाढ दिसतेय. काही बाटल्यांच्या तळाचा रंगच बदलतो. थेंबभर काढून स्लाइड रंगवली की साखळीतले जांभळे ठिपके दिसतात, आणि त्याच मिनिटाला मी वॉर्डात फोन करते. चार दिवस थांबायचं नसतं, सर, पहिली बातमी बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी मिळते. मग मेंढीचं रक्त घातलेल्या बशीवर वाढ, वसाहतींभोवती हिरवट कडा. स्टॅफ असेल तर सेफॉक्सिटिनची चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीची मोकळी जागा पट्टीनं मोजायची. बावीस मिलिमीटर किंवा जास्त भरली तर साधी औषधं चालतील. एकवीस भरली तर एमआरएसए. एका मिलिमीटरवर सहा आठवड्यांचं औषध ठरतं. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसला मात्र पेनिसिलीनची चकती भरवशाची नाही. तिथं किती औषधात तो थांबतो ते आकड्यातच काढावं लागतं. जिथं नुसती चकती ठेवून रिपोर्ट देतात तिथं तुमचा संशय शंभर टक्के रास्त.

आता किंमत. ‘चालत नाही’ हे वाक्य ‘चालतं’ या वाक्यापेक्षा जास्त विश्वासाचं आहे. ‘एस’ म्हणजे बरा होईल असं नव्हे. या औषधाला संधी आहे, इतकंच. आणि तुमचा एन्टरोकोकसचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. अ‍ॅम्पिसिलिन आणि सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनची ती जोडी तुम्हाला सुचली कधी? तो एन्टरोकोकस आहे हे कळल्यावर. नाव नसतं तर दोन्ही एकत्र द्यायचं डोक्यातही आलं नसतं.

साशंक : म्हणजे कागदाची खरी किंमत नावात आहे, ‘एस’ आणि ‘आर’मध्ये दुय्यम. हे मला पटतं, आणि हे पेशंटला सांगता येईल. पण मग पेपरात जो गाजावाजा चालतो, औषधं निकामी झाली, सुपरबग आले, त्याच्याशी याचा मेळ कसा घालायचा? मला तर उलट एक गोष्ट दिसते, आणि तुमच्यासारखे लोक ती बोलत नाहीत. लहान मुलांचा घसा धरणारा, ज्याच्यातून सांधेताप आणि मग झडपेचा आजार होतो, तो ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस ऐंशी वर्षांत पेनिसिलीनला कधीही बधला नाही. एकही पेनिसिलीनला न जुमानणारा रुग्णातला जंतू आजवर पक्का सिद्ध झालेला नाही. औषध कुठं निकामी झालंय? पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलीन तयार व्हायला लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं हात लावलेला कारखाना, तोही आपल्याच राज्यात. आणि आज? झडप खराब झालेल्या मुलीला दर एकवीस दिवसांनी बारा लाख युनिटचं बेंझाथिन पेनिसिलीन द्यायचं तर ते कधी मिळतं कधी मिळत नाही, आणि मिळालं तर रिअ‍ॅक्शनच्या भीतीनं टोचायला कुणी तयार होत नाही. स्वस्त औषधात कंपनीला काही सुटत नाही, डॉक्टरला जोखीम वाटते. मेरोपेनेम मात्र हव्या त्या दुकानात मिळतं. जंतूनं हरवायच्या आधी बाजारानंच हरवलंय पेनिसिलीनला.

आग्रही : हे मी बोलत नाही असं म्हणू नका, आमच्या ओपीडीत रोज हेच चालतं. रिअ‍ॅक्शन होते, पण जीवघेणी फार क्वचित, आणि अ‍ॅड्रिनलिन हाताशी ठेवून टेबलावर अर्धा तास बसवलं तर ती हाताळता येते. ते इंजेक्शन चुकलं की पुन्हा सांधेताप, झडप आणखी खराब, आणि त्याच खराब झडपेवर पुढं जंतू बसतात. पण म्हणून औषधांना न बधणारे जंतू ही पेपरवाल्यांची आवई आहे असं नाही. आयसीएमआरनं 2013 पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांचं जाळं केलंय. त्यांच्या अहवालात स्टॅफ ऑरियसमधला एमआरएसएचा वाटा गेल्या काही वर्षांत चाळीस टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो. डायलिसिसवरचा पेशंट, आयसीयूमध्ये मानेत नळी घालून पंधरा दिवस पडलेला पेशंट, त्याच्या झडपेवर जो बसतो तो हा. तुमच्या विडीवाल्या बाईच्या तोंडातला स्ट्रेप्टोकोकस वेगळा. दोघांचा एकच आकडा काढता येत नाही, आणि देशभरच्या मोठ्या हॉस्पिटलांचा आकडा अक्कलकोटहून आलेल्या माणसाला जसाच्या तसा लावताही येत नाही. म्हणून माझा हट्ट असा की प्रत्येक हॉस्पिटलनं आपल्या बाटल्यांत काय उगवलं आणि त्यावर काय चाललं, याचा वर्षाचा तक्ता करावा आणि तो कपाटात न ठेवता वॉर्डाच्या भिंतीवर लावावा. इथं 1963 पासून वैशंपायन मेडिकल कॉलेज आहे, शहरात मोठी सहकारी रुग्णालयं आहेत, विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवकडून पेशंट इथं येतात. एवढ्या पसाऱ्याचा एक तक्ता व्हायला हवा.

साशंक : तोंडाचा विषय काढलात म्हणून विचारतो. मशेरी लावणारी बाई, तंबाखू चघळणारा कामगार, हिरडीतून रोज रक्त. दात काढायच्या आधी तासभर अमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम, असं आम्हाला शिकवलं होतं. 2007 साली अमेरिकेच्या हृदयसंघटनेनं ती यादी कापली : कृत्रिम झडप, आधी एकदा हाच आजार झालेला, काही जन्मजात दोष, एवढ्यांनाच द्या. ब्रिटननं 2008 मध्ये तेही नको म्हटलं आणि 2016 मध्ये ‘सर्रास नको’ असा एक शब्द घालून घेतला. सांधेतापानं खराब झालेली झडप यादीतून गेली. त्यांच्याकडे असे पेशंट उरलेत किती? आपल्याकडे तर तेच जास्त. त्यांची यादी आपण का वापरायची?

आग्रही : यादी त्यांची, पण तिच्यामागचा विचार आपल्यालाही लागू आहे. हिरडी सुजलेली असेल तर घास चावतानासुद्धा जंतू रक्तात जातात, ब्रश करताना जातात. वर्षातून एकदा दात काढताना गोळी दिली, बाकीचे सगळे दिवस काय? झडपेच्या पेशंटला दातांच्या डॉक्टरकडे नियमित पाठवणं आणि मशेरी सोडवणं, हे दोन ग्रॅमच्या गोळीपेक्षा जास्त उपयोगाचं. तरीही सांधेतापाच्या झडपेला ती गोळी नकोच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आपल्याकडचा पुरावा त्यासाठी पुरेसा जमवलेला नाही. कृत्रिम झडपवाल्याला मात्र मी देईन, यात शंका नाही.

साशंक : बरं, समजा सगळं तुमच्या मनासारखं झालं. रक्त आधी काढलं, नाव कळलं, औषध कळलं. पुढचे सहा आठवडे? क्रिस्टलाइन पेनिसिलीन दर चार तासांनी शिरेतून. रात्री दोनलाही सिस्टरनं उठून द्यायचं. म्हणून तर सगळे दिवसातून एकदाच्या सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनकडे वळतात, औषध जास्त चांगलं म्हणून नव्हे. योजनेच्या कार्डावर उपचार होतीलही, पण दीड महिन्याचा रोज कोण देणार? वॉर्डात बसून राहायला बायको, तिचाही रोज बुडाला. तिसऱ्या आठवड्यात ताप नसतो, भूक लागते, पेशंट सही करून घरी जातो. निम्म्या रुग्णांना कधी ना कधी ऑपरेशन लागतं असं जगभरचा अनुभव सांगतो; त्यासाठी पुणे, मुंबई, हैदराबाद गाठायचं म्हटलं की शेत विकायचा विषय निघतो. चांगल्या हॉस्पिटलांतही पाचांतला एक हाती लागत नाही. तुमची लढाई जंतूशी आहे. माझ्या पेशंटची रोजाशी आहे.

आग्रही : म्हणूनच डेन्मार्कचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. 2019 मध्ये छापून आला. चारशे रुग्ण, सगळे आधी किमान दहा दिवस शिरेतून औषध घेऊन स्थिर झालेले. निम्म्यांना उरलेला कोर्स गोळ्यांवर दिला. मृत्यू, अचानक ऑपरेशन, गुठळी सुटणं, जंतू पुन्हा उगवणं, यांतलं काही ना काही शिरेतून औषध घेणाऱ्यांपैकी 12.1 टक्क्यांना झालं, गोळ्यावाल्यांपैकी 9 टक्क्यांना. म्हणजे गोळ्या कमी पडल्या नाहीत. आपल्या कामगाराला शेवटचे तीन आठवडे घरी राहून गोळ्या घेता आल्या तर त्याची अर्धी अडचण सुटते. पण त्या प्रयोगात घेतलेल्या प्रत्येकाचा जंतू सापडलेला होता, आणि गोळ्या त्याच्या रिपोर्टवरून, बहुतेक वेळा दोन औषधं जोडीनं, निवडलेल्या होत्या. ‘नो ग्रोथ’वाल्याला ही सवलत देता येत नाही, त्याला काय द्यायचं हेच माहीत नसतं. पहिल्या दिवशी वाचवलेला एक तास त्याला पुढं महिनाभर कॉटवर झोपवतो.

साशंक : डेन्मार्कमध्ये तो गोळ्यावाला आठवड्यातून दोन-तीनदा तपासणीला येत होता, हेही सांगा. आणि त्यात एमआरएसए नव्हता. आमचा गोळ्या घेऊन अक्कलकोटला गेला की दहा दिवसांत बरं वाटतं, निम्म्या गोळ्या शेजाऱ्याला. फ्लेमिंगनं 1945 च्या नोबेल भाषणात हेच सांगितलं होतं ना? घसा दुखतो म्हणून कुणी थोडंसं पेनिसिलीन घेतो, जंतू मरत नाहीत, तरबेज होतात, आणि बायको त्यानं दगावते. तेव्हा ते घरोघर मिळतही नव्हतं. आता मिळतं. 2014 पासून शेड्यूल एच-वन आहे, पट्टीवर लाल रेघ, दुकानदारानं वेगळ्या वहीत नाव लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. ती वही कधी कुणी मागून बघितली? तुम्ही मला धरता, कारण मी समोर सापडतो. माझ्याकडे येण्याआधी त्यानं दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या घेतलेल्या असतात. मी सुई न मारताही तुमची बाटली रिकामीच.

आग्रही : तशा पेशंटसाठी अँटिबायोटिक शोषून घेणारे दाणे घातलेल्या बाटल्या येतात, थोडा फायदा होतो, पूर्ण नाही. पेशंट अत्यवस्थ नसेल तर दोन-तीन दिवस औषध थांबवून पुन्हा रक्त काढता येतं. पण ते थांबणं अवघड असतं, नातेवाईक वॉर्डात उभे राहून विचारतात, सलाईन का बंद केली. तिथं माझ्याकडे तयार उत्तर नसतं. दुकानाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तरीही एवढं एक मागते : ज्याच्या झडपेचं तुम्हाला माहीत आहे, त्याला ताप आला तर पहिली सुई तुमच्याकडे नको. दोन ओळींची चिठ्ठी द्या आणि पाठवा. रक्त काढल्यावर पहिला डोस आम्ही त्याच तासाला देऊ.

साशंक : माहीत असलेल्यांचं कबूल. त्यांना मी पाठवीन, आणि त्यांनीही कुठल्याही डॉक्टरपुढं बसल्यावर तापाच्या आधी झडपेचं सांगावं, ऑपरेशनचा कागद नाहीतर पेनिसिलीनचं कार्ड पाकिटात ठेवावं. माहीत नसलेल्यांचं मी वचन देत नाही. आठवड्याहून जुन्या तापाच्या छातीला नळी लावीन, मर्मर ऐकू आली तर थांबेन. पण मागांच्या खडखडाटात, बाहेर चाळीस जण बसलेले असताना, मला ती दर वेळी ऐकू येईलच असं समजू नका. आणि ज्याला ऐकू आली नाही त्याला मी सुई देणार.

आग्रही : द्या. पण पुन्हा ताप घेऊन आला तर दुसरी देऊ नका.